घरात फोन नाही, मग इंटरनेट कसे येणार?

— द्वितीय वर्ष, कला

दळणवळण हा प्रगतीचा कणा आहे, असे आपण शाळेपासून निबंधांत लिहीत आलो. रस्ता आला की गाव बदलते, एस.टी. आली की मुली शिकू लागतात, हे महाड-पोलादपूर भागातील जुन्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. या यादीत आता इंटरनेटची भर पडली आहे. महाविद्यालयातील प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल, सातबारा, एवढेच काय, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्रसुद्धा त्यावर चालते. रेंज गेली की रांग जागच्या जागी थांबते. अशा वेळी घरी भरवशाचे इंटरनेट, म्हणजेच ब्रॉडबँड, असणे ही चैन राहिलेली नाही. शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती वह्या-पुस्तकांसारखीच गरज आहे.

आमचे घर पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली तेव्हा आम्ही मुले वाडीमागच्या टेपावर जाऊन बसत असू, कारण रेंज तेवढीच. पुढे धाकटा भाऊ दहावीत आला, माझे अर्ज सुरू झाले, आणि घरी ब्रॉडबँड घ्यावे असा विषय निघाला. तेव्हा आजोबांनी विचारले, “फोनाची तार न्हाई घरात, मग ह्यो नेट येनार कुठनं?” घरातले सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. आमच्या वाडीत आजही पुष्कळ लोक असेच समजतात की आधी फोन घ्यावा लागतो, मग त्यावर नेट मिळते. हा समज कोठून आला, आज तो कितपत खरा आहे, आणि आपल्यासारख्या डोंगरी भागात फोनवाचून ब्रॉडबँड मिळवायचे मार्ग कोणते, हे मी विचारपूस करून समजून घेतले. तेच येथे सोप्या शब्दांत मांडते.

तांब्याची तार आणि तिची दोन कामे

आजोबांचा समज चुकीचा नव्हता, तो एका काळाचा होता. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्या काळी संगणक मोडेम नावाच्या डबीला जोडत, मोडेम फोनच्या तारेला जोडत, आणि मग संगणक चक्क फोन लावत असे. नेट चालू असेपर्यंत फोन अडकून राही. २००४ साली केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि सेकंदाला २५६ किलोबिट हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरवला. २००५ च्या आरंभी भारत संचार निगमने, म्हणजे बीएसएनएलने, ‘डेटावन’ ही सेवा आणली. ती डीएसएल या पद्धतीची होती आणि फोनच्याच तारेवरून येत होती. साहजिकच ज्याच्या घरी फोन, त्याच्याच घरी ब्रॉडबँड.

एकाच तारेवर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी कसे चालते? त्याचे उत्तर मजेदार आहे. फोनवर माणसाचा आवाज नेण्यासाठी सेकंदाला सुमारे तीनशे ते साडेतीन हजार कंपनांचा पट्टा पुरतो. तांब्याच्या तारेतून याहून कितीतरी जलद कंपने जाऊ शकतात, पण ती जागा वर्षानुवर्षे रिकामीच पडली होती. डीएसएलने ती वापरली. खालच्या पट्ट्यात बोलणे, आणि पंचवीस हजार कंपनांच्या वर थेट अकरा लाखांपर्यंतच्या पट्ट्यात इंटरनेट. घरात एक छोटी डबी बसवत, तिला स्प्लिटर म्हणत. ती दोन्ही वेगळे करून फोनकडे आवाज आणि मोडेमकडे इंटरनेट पाठवी. एकाच रस्त्याच्या कडेने पायी माणसे आणि मधून मोटारी जाव्यात, तसा हा प्रकार.

परंतु यातच एक गोष्ट दडलेली आहे. पायी माणसे नसली म्हणून मोटारी थांबत नाहीत! फोनचा आवाज बंद ठेवूनही त्या तारेवर इंटरनेट चालू शकते. म्हणजे तार आवश्यक होती, फोन नव्हे. फोनची सक्ती पुष्कळशी व्यवहारातून आलेली होती, कारण तार टाकण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च फोनच्या भाड्यातून निघत असे. परदेशांत यावर वादही झाले. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने २००६ च्या अखेरीस बेलसाउथ ही कंपनी घेताना सरकारी आयोगाला जी आश्वासने दिली, त्यांत फोनशिवाय नुसते डीएसएल महिना १९.९५ डॉलरला देण्याचे एक आश्वासन होते.

आपल्याकडे मात्र अडचण निराळी होती. डीएसएलचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर अवलंबून असतो. जलद कंपने तांब्यात लवकर विरतात. चार-पाच किलोमीटरनंतर हाती फारसे काही उरत नाही. एक्स्चेंज तालुक्याच्या किंवा मोठ्या गावात, आणि वाडी डोंगराच्या सोंडेवर. म्हणजे घरी फोन असता तरीही आमच्या वाडीपर्यंत डीएसएल धडपणे पोहोचले नसते.

काचेची तार : उलटा झालेला संबंध

आज घरगुती ब्रॉडबँड म्हटले की बहुधा फायबर. ही तार काचेची असते. आतली काच १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, एवढी जाड, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो गाभा अवघा नऊ मायक्रॉनचा. आपल्या डोक्याच्या केसाहून कितीतरी बारीक! काचेतून प्रकाश दूरवर नेता येईल, हे १९६६ साली चार्ल्स काव यांनी सैद्धान्तिक आधाराने दाखवले. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काचेतील प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. महाड ते मुंबई हे अंतर तो सेकंदाच्या एक हजाराव्या भागात कापतो. आपली एस.टी. किती वेळ घेते, ते मी येथे लिहीत नाही!

फायबरची घरपोच सेवा बहुतेक ठिकाणी ‘जीपॉन’ पद्धतीने चालते. केंद्रावरून एक काच निघते. वाटेत खांबावरच्या डब्यात तिचा प्रकाश स्प्लिटरने वाटला जातो, बत्तीस किंवा चौसष्ट घरांपर्यंत. या स्प्लिटरला वीज लागत नाही. ओढ्याचे पाणी पाटांनी वाटावे तसा तो प्रकाश वाटतो. केंद्राकडून येणारा प्रकाश एका रंगाचा (तरंगलांबी १४९० नॅनोमीटर) आणि आपल्याकडून जाणारा दुसऱ्या रंगाचा (१३१० नॅनोमीटर), त्यामुळे येणे-जाणे एकाच काचेतून होते. दोन्ही रंग डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तुटलेल्या टोकात डोकावून पाहण्याचा मोह कोणी करू नये. केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंत ही पद्धत चालते. डीएसएलच्या चार-पाच किलोमीटरांशी याची तुलना करून पाहा.

घरी जो पांढरा डबा बसतो तो प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो आणि तोच बहुधा वायफायही देतो. विशेष म्हणजे त्या डब्याच्या मागे फोन जोडायचेही एक भोक असते. फोन हवा असेल तर तो आता इंटरनेटवरून चालतो. एके काळी ब्रॉडबँड फोनच्या खांद्यावर बसून घरात आले. आज फोन ब्रॉडबँडच्या खांद्यावर बसला आहे. संबंध पूर्ण उलटा झाला. ब्रिटनमध्ये तर तांब्याचे जुने दूरध्वनी जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे. तेव्हा ‘फोन नाही म्हणून ब्रॉडबँड नाही’ हे वाक्य फायबरच्या बाबतीत मुळीच लागू पडत नाही.

वेगाचा हिशोबही एकदा करून पाहू. सातशे मेगाबाइटचे एखादे व्याख्यान उतरवून घ्यायचे आहे. २००४ च्या २५६ किलोबिट वेगाने त्याला सुमारे सहा तास लागले असते. आजच्या ३० मेगाबिटच्या साध्या जोडणीवर तीन मिनिटे पुरतात. येथे ध्यानात ठेवायचे एवढेच की कंपनी वेग ‘बिट’मध्ये सांगते आणि फाइल ‘बाइट’मध्ये मोजतात, आठ बिटांचा एक बाइट.

तार येतच नसेल तर?

जेथे फायबर पोहोचत नाही तेथे हवेतून ब्रॉडबँड घेण्याचे मार्ग आहेत. ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १९९० च्या दशकात आय.आय.टी. मद्रासचे प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉरडेक्ट’ ही बिनतारी फोनची पद्धत विकसित केली. खेडोपाडी तांबे टाकण्याचा खर्च वाचवणे हाच तिचा हेतू, आणि फोनबरोबर थोडे इंटरनेटही तिच्यावर मिळे.

आजचे मार्ग असे. पहिला, मोबाईलचा हॉटस्पॉट किंवा सिमकार्ड घालायचा राउटर. हा सर्वांत स्वस्त. पण जेथे मुळातच रेंज नाही तेथे राउटर तरी काय करणार? दुसरा, एअरफायबर. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने आणि १९ सप्टेंबर २०२३ पासून जिओने ५जीवर चालणारे घरगुती ब्रॉडबँड बाजारात आणले. यात घराच्या छपरावर एक यंत्र बसवतात, ते टॉवरकडे तोंड करून असते, आणि तेथून घरात वायर येते. नाव फायबरचे असले तरी घरापर्यंत काच येत नाही, हे नीट समजून घ्यावे. तिसरा मार्ग, स्थानिक केबलवाला आपल्या ठिकाणाहून समोरच्या डोंगरावर थाळीसारखा अँटेना लावून बिनतारी जोड देतो. यात दोन्ही टोके एकमेकांना दिसली पाहिजेत.

चौथा मार्ग उपग्रहाचा. स्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो आणि बोलताना ते जाणवते. स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे हा विलंब फार कमी होतो. २०२५ साली भारत सरकारने या कंपनीला परवाना दिला.

या सर्व बिनतारी मार्गांचा शत्रू एकच, तो म्हणजे आपला डोंगर. रेडिओलहर जितकी जलद कंपनांची, तितकी ती अडथळ्याला लवकर हार खाते. पावसाळ्यात झाडोरा वाढतो, पाने ओली होतात, आणि उन्हाळ्यात मिळणारी रेंज आषाढात मिळत नाही. म्हणून असे यंत्र घ्यायचे तर पावसाळ्यात घेऊन पाहावे, असे मला एका अनुभवी कारागिराने सांगितले. हा सल्ला मला फार मोलाचा वाटला.

तांब्याचा एक गुण काचेत नाही

नव्याचे कौतुक करताना जुन्याचा एक गुण विसरू नये. तांब्याच्या फोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच तारेतून येई. वाडीत अंधार झाला तरी फोन वाजे. काचेतून वीज वाहत नाही; त्यामुळे घरची वीज गेली की डबा बंद, नेट बंद, आणि त्यावरचा फोनही बंद.

आपल्या भागात या गोष्टीचे महत्त्व सांगावे लागू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्यात गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसांत वीज नव्हती, मोबाईल लागत नव्हते. मी तेव्हा शाळेत होते. मुंबईला असलेल्या काकांना आम्ही जिवंत असल्याचे कळवायला दोन दिवस लागले. टॉवरलाही वीज लागते, त्याच्या बॅटऱ्या संपतात, डिझेल न्यायला रस्ता उरत नाही. तेव्हा घरी ब्रॉडबँड घेणाऱ्याने त्या डब्यासाठी एक छोटी बॅटरी, जिला दुकानात मिनी यूपीएस म्हणतात, अवश्य घ्यावी. डबा बारा व्होल्टवर चालतो, त्याला वीज थोडीच लागते. काही तास निघतात. मात्र केंद्रालाही वीज हवी, हे विसरून चालणार नाही. एक फायदा असा की काच वीज वाहून आणत नसल्याने वळवाच्या विजांत तांब्याच्या तारेइतकी भीती राहत नाही.

ठराव आणि ओंजळ

सरकारने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तिचेच पुढे ‘भारतनेट’ झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. यासाठीचा निधी दूरसंचार कंपन्यांच्या ठराविक उत्पन्नावरील पाच टक्के आकारणीतून उभा राहतो. म्हणजे तुमच्या-आमच्या रिचार्जमधला थोडा भाग त्यात असतो.

परंतु आपल्याकडील ग्रामपंचायत म्हणजे एक सलग गाव नव्हे. खाली गावठाण, वर दोन-तीन किलोमीटरवर वाड्या. काच कचेरीपर्यंत आली तरी वाडी तशीच राहते. कातळ खोदणे महाग, म्हणून तार खांबावरून न्यावी लागते. मग उन्हाळ्यात वणवा, पावसात पडणारी झाडे आणि बारा महिने वानरे. खालून नेली तर रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागतो.

महाडच्या मातीत याचा विचार करताना मला चवदार तळे आठवल्याशिवाय राहत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरी पाणी ओंजळीत यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर जावे लागले. माणुसकीच्या त्या लढ्याची बरोबरी कशाशीच होणार नाही, आणि मी ती करीतही नाही. पण कागदावरचा ठराव आणि हातातली ओंजळ यांत अंतर असते, हा धडा त्याच इतिहासाने आपल्याला दिला आहे.

आमच्या वाडीने हे अंतर कसे कापले ते थोडक्यात सांगते. एका घरासाठी तार ओढणे कोणालाच परवडत नव्हते. आईच्या बचत गटात विषय निघाला, आणि नऊ घरांनी मिळून केबलवाल्याकडे एकत्र मागणी केली. नऊ घरे म्हटल्यावर खांबावर डबा बसला. तार जोडणाऱ्याने दोन काचांची टोके एका यंत्रात समोरासमोर धरली, ठिणगी पडली आणि ती वितळून एक झाली. वाडीतली सगळी पोरे भोवती जमली होती.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

माझ्या मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावे म्हणून चार गोष्टी लिहिते. पहिली, जवळचा डबा किती अंतरावर आहे आणि वाढीव तारेचे पैसे कोण देणार? दुसरी, घरातल्या यंत्राची अनामत किती, आणि जोडणी सोडल्यावर ती परत मिळते का? तिसरी, महिन्याच्या रकमेत अठरा टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा? ४०० म्हणून सांगितलेले बिल ४७२ होते. ठराविक डेटानंतर वेग किती उतरतो, हेही विचारावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, तार तुटली तर दुरुस्तीला माणूस कोण येणार, आणि पावसाळ्यात तो वर चढणार का? डब्यावर ‘लॉस’ या नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाश येत नाही, म्हणजे दोष बाहेर आहे, एवढे आपणच ओळखावे. माणूस आला की त्याला मीटर लावून प्रकाश मोजायला सांगावे. हा आकडा वजा चिन्हाचा असतो. वजा वीसच्या आसपास असला तर उत्तम, वजा सत्तावीसच्या पलीकडे गेला तर जोड कच्चा समजावा.

असो. या माहितीचा मथितार्थ एवढाच की फोनची तार ही आता अट राहिलेली नाही. अट आहे ती जवळच्या खांबापर्यंत काच येण्याची किंवा डोंगराआड न गेलेल्या एखाद्या टॉवरची, आणि त्याहून अधिक, शेजाऱ्यांनी एकत्र येऊन मागण्याची. आपल्या महाविद्यालयात रोज एस.टी.ने येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या वाड्यांवर अजून रेंज नाही. अर्जाची शेवटची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात आपण गावोगावची अशी घरे मोजली, कोठे डबा आहे आणि कोठे नाही याची यादी केली आणि ती पंचायतीपुढे ठेवली, तर ते श्रमदानाइतकेच मोलाचे काम होईल. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मित्रांनी याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.